पडताळा

हेंद्रेपाड्यात पावसाळ्यात सगळ्यात जास्त वाचला जाणारा आकडा म्हणजे १७.५०. बदलापुरात उल्हास नदीची ही धोक्याची पातळी, मीटरमध्ये. इशाऱ्याची पातळी १६.५०. जुलैमध्ये रात्रभर पाऊस लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद होतात आणि आकडे सुरू होतात. तिसऱ्या मजल्यावरचे लोक ते चहा पिता पिता वाचतात. तळमजल्यावरचे उभ्याने वाचतात. ज्यांनी २६ जुलै २००५ पाहिलाय त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर राहायला आलेल्यांना २७ जुलै २०१९ पुरेसा आहे. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि आमची नदी देशभरातल्या चॅनेलांवर दिसली.

अशाच एका पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर ग्रुपवर एक ग्राफ आला. आमच्याच बिल्डिंगमधल्या डिप्लोमाच्या एका मुलाने दर तीन तासांचे आकडे गोळा करून तो काढला होता. छान गुळगुळीत निळी रेघ, आणि आडवी लाल रेघ १७.५० वर. निळी रेघ दुपारी लाल रेघेच्या किंचित वर जाऊन परत खाली आली होती.

अर्ध्या तासात ग्रुप पेटला. पाणी धोक्याच्या वर गेलं होतं तर आम्हाला कळवलं का नाही? कुणी लपवलं? तळमजल्यावरच्या काकूंचं शिलाई मशीन २०१९ला पाण्यात गेलं होतं. नव्या मशीनचे हप्ते नुकतेच फिटले होते. त्या जिना चढून वर आल्या आणि मला म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली ना? हे खरं आहे का, एवढंच सांग."

मी दिवसा ऐरोलीच्या एका ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. बदलापूर ते ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, आणि संध्याकाळी उलट. रात्री जेवणं झाली की तासभर, कधी दोन तास, ओपन सोर्स गणिती सॉफ्टवेअरवर काम करते. म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि फुकट वापरता येतो, असं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर. यातला बहुतेक वेळ नवीन काही बनवण्यात जात नाही. कुणीतरी म्हणतं "उत्तर चुकतंय", आणि ते का चुकतंय हे शोधण्यात जातो. काकूंचा प्रश्न त्याच जातीचा होता.

मुलाचे आकडे मागवले. समजायला सोपे करून सांगते: सकाळी नऊला १५.३०, बाराला १७.३०, तीनला पुन्हा १७.३०, सहाला १५.३०. एकही आकडा १७.५०च्या वर नाही. ग्राफ त्याने सायलॅबमध्ये काढला होता. चार ठिपक्यांमधून जाणारी एक गुळगुळीत रेघ काढ, असं सांगितलं की सायलॅब 'स्प्लाइन' वापरतं. चार ठिपक्यांना नेहमीच्या पद्धतीने जोडलं तर इथे एक पॅराबोला तयार होतो. सकाळी वेगाने चढणारी रेघ बाराच्या ठोक्याला एकदम सपाट होऊ शकत नाही, तसं केलं तर कोपरा पडेल. म्हणून ती थोडी वर जाते, वळते आणि खाली येते. बारा आणि तीनच्या बरोबर मध्ये, दीड वाजता, तिची उंची येते १७.५५. हवं तर कागदावर करून बघा, दहावीच्या गणितात बसतं.

सायलॅबचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या मदतीच्या पानावर स्प्लाइनचे प्रकार दिलेले आहेत. त्यातला एक 'मोनोटोन', म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्ये रेघ त्यांच्यापेक्षा वर किंवा खाली जाणार नाही. तो निवडला की बारा ते तीन रेघ १७.३० वर सपाट राहते आणि ग्रुपवरचं भांडण मिटतं.

पण मी काकूंना "पाणी वर गेलं नव्हतं" असं सांगितलं नाही. कारण ते मला माहीत नव्हतं. दीड वाजता पाणी १७.५५ असूही शकलं असतं, १७.१० ही असू शकलं असतं. पहिली रेघ एक अंदाज होती, दुसरीही अंदाजच. फरक एवढाच की दुसरी कमी बोलते. मी त्यांना म्हटलं, "मोजलेले चार ठिपके खरे आहेत. मधली रेघ कॉम्प्युटरने जोडलीय." मुलाने नवा ग्राफ टाकला. ठिपके मोठे, रेघ तुटक, आणि खाली एक ओळ: मधल्या वेळेची मोजणी नाही. ग्रुपवर तो ग्राफ फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही. काकूंनी मात्र तो सेव्ह केला.

उत्तर चुकलंय असं वाटतं तेव्हा साधारण तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. पहिली अशी: कोड बरोबर, पण आपण विचारलेला प्रश्न आणि त्याला समजलेला प्रश्न वेगळे. ती वर सांगितली. दुसरी: गणित बरोबर, पण यंत्राची पट्टी तोकडी. तिसरी: कोडच चुकलाय. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. स्क्रीनवर एक आकडा असतो आणि तो कुठून आला याचा त्याच्यावर शिक्का नसतो.

दुसरीचं माझं आवडतं उदाहरण भास्कराचार्यांचं आहे. ज्याच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल अशी संख्या शोधा, हा प्रश्न त्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल पद्धतीने सोडवला. याच जातीचा ६१चा प्रश्न १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणित्यांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. सगळ्यात लहान उत्तर आहे २२६१५३९८०, आणि मिळणारा पूर्ण वर्ग १७६६३१९०४९चा. चक्रवालात एकदम उडी नसते. ८चा वर्ग ६४, त्यातून ६१ वजा केले की ३ उरतात, इथून सुरुवात. पुढच्या फेरीत ३९चा वर्ग १५२१ आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक उणे ४. प्रत्येक फेरीत नव्या संख्या आधीच्या संख्यांवरून मिळतात आणि प्रत्येक फेरीचा पडताळा घेता येतो. आज आपण ज्याला अल्गोरिदम म्हणतो, तो हाच.

आता शेवटचा पडताळा कॉम्प्युटरवर घ्या. मोठ्या संख्येचा वर्ग, वजा ६१ गुणिले लहान संख्येचा वर्ग. यायला हवा १. सायलॅबमध्ये येतं ०. मोबाइलच्या ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्येही ०. पायथनमध्ये पूर्णांक म्हणून लिहिलं तर १.

भास्कराचार्य चुकले नाहीत आणि सायलॅबही बिघडलेलं नाही. सायलॅब आणि जावास्क्रिप्ट साधी संख्या ज्या साच्यात ठेवतात त्यात अचूकतेला ५३ बिट मिळतात, म्हणजे साधारण पंधरा-सोळा अंक. इथे दोन्ही बाजूंना एकोणीस आकडी संख्या तयार होतात. एवढ्या उंचीवर त्या साच्यातल्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर तब्बल ५१२ असतं. जिथे ५१२च्या आतलं काही दिसत नाही, तिथे १चा फरक कसा दिसणार? पायथन पूर्णांकांना लागेल तेवढी जागा देतं, म्हणून तिथे तो दिसतो. वेळ जास्त लागतो, पण एक म्हणजे एक.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण गावी तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. इथे ग्रंथ नुसते जपून ठेवायचे नव्हते, शिकवायचे होते. पद्धत सगळ्यांसमोर मांडलेली असली की पुढचा माणूस ती पायरीपायरीने तपासू शकतो. मला ओपन सोर्सचा अर्थ समजावून सांगायचा असतो तेव्हा मी अमेरिकेतल्या गॅरेजपासून सुरुवात करत नाही, पाटणपासून करते.

तिसऱ्या प्रकाराकडे येते, कारण माझ्या रात्री त्यातच जातात. एका छोट्या ओपन सोर्स पॅकेजवर मी काही वर्षं काम करते आहे. ते फारसं कुणाला माहीत नाही, दोघेतिघे मिळून सांभाळतो. एकदा एका विद्यार्थ्याची तक्रार आली: सर्किटच्या गणिताचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. सोबत दोनशे ओळींचा कोड. अशा वेळी पहिलं काम असतं ते छाटण्याचं. एक ओळ काढा, चूक अजून होते का पाहा. होत असेल तर ती ओळ निर्दोष. पुढची काढा. तुमची आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, हे विचारा. कंटाळवाणं काम आहे, आणि ते लोकलमध्येही करता येतं. मी कितीतरी वेळा लेडीज डब्यात कळव्यापासून अंबरनाथपर्यंत उभ्याने फोनवर कोड वाचत आले आहे. दोन दिवसांत दोनशे ओळींच्या तीन संख्या उरल्या. प्रश्न सर्किटचा नव्हताच, वर्गसमीकरणाचा होता.

समीकरण साधारण असं: क्षचा वर्ग, अधिक दहा कोटी क्ष, अधिक १, बरोबर शून्य. एक मूळ उणे दहा कोटींच्या जवळ, दुसरं अगदी लहान, उणे ०.००००००0१ च्या आसपास. पॅकेज लहान मुळाचं उत्तर देत होतं उणे ०.००००००००७४५. जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी चूक, आणि तीही दहावीच्या सूत्रात.

सूत्र बरोबरच आहे. पण लहान मूळ काढताना त्यात दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते: दहा कोटी, आणि दहा कोटींपेक्षा केसभर कमी असलेलं वर्गमूळ. पुढचे सगळे अंक एकमेकांना खातात आणि शेवटी उरतो तो साच्यात नीट न मावलेला गाळ. ही जुनी, पुस्तकांत नोंदवलेली अडचण आहे, आणि तिचा उपायही माहीत आहे. मोठं मूळ आधी काढा, कारण तिथे बेरीज होते आणि काही हरवत नाही. मग लहान मूळ सूत्राने न काढता मुळांच्या गुणाकारावरून काढा. दोन्ही मुळांचा गुणाकार इथे १ आहे, म्हणून १ला मोठ्या मुळाने भागलं की झालं.

माझी आई घरी दहावीच्या शिकवण्या घेते. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती फळ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुमच्या त्या सॉफ्टवेअरला धड्याचा पहिला भाग येत होता, पुढचा येत नव्हता." मुळांचा गुणाकार तिच्या मुलांना पाठ असतो. तो कशासाठी शिकायचा, हे मुलं दरवर्षी विचारतात. आता तिच्याकडे उत्तर आहे.

दुरुस्ती पाच ओळींची होती. ती स्वीकारली जायला तीन आठवडे लागले, आणि ते योग्यच होतं. दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याने विचारलं: मधला सहगुणक शून्य असेल तर? ऋण असेल तर? मुळं काल्पनिक असतील तर? प्रत्येक प्रश्नासाठी एक चाचणी लिहिली. यापुढे कुणीही त्या कोडला हात लावला की चाचण्या आपोआप धावतात आणि एकही फसली तर बदल आत जात नाही. मोठे प्रकल्प यात फार पुढे आहेत. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सेजमॅथमध्ये फंक्शनच्या माहितीत जी उदाहरणं लिहिलेली असतात, तीच चाचण्या म्हणून चालवली जातात. मदतीच्या पानावर उत्तर ४ छापलं असेल आणि कोड ५ देत असेल, तर ते लगेच उघडं पडतं. सेज स्वतः पारी, गॅप, मॅक्सिमा अशा कितीतरी जुन्या प्रकल्पांवर उभं आहे. त्यामुळे सेजमध्ये दिसलेली चूक कधी कधी तळाच्या भलत्याच पॅकेजमध्ये सापडते आणि मग तिथल्या लोकांना पत्र लिहावं लागतं.

तपासणी काय करू शकते याचा मोठा दाखला १९९४चा आहे. थॉमस नाइसली नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना. त्यांनी एकेक शक्यता बाद करत नेली आणि शेवटी दोष सापडला तो इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात. इंटेलला त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. शोध लागला, कारण एका माणसाने "कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे बरोबरच" असं मानलं नाही.

या सगळ्यात मी कशी आले? दुसऱ्या वर्षाला न्यूमेरिकल मेथड्सचा पेपर होता. आमच्या कॉलेजात महागडं व्यावसायिक पॅकेज मोजक्या मशीनवर होतं आणि बॅच साठ जणांची. घरी करायचं तर पेनड्राइव्हमधून फिरणारी क्रॅक केलेली कॉपी, तिच्याबरोबर येणारे व्हायरस मोफत. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, घरात एक सेकंडहँड लॅपटॉप. एका सीनियर मुलीने सायलॅब दाखवलं. फ्रान्समधल्या इन्रिया आणि ईएनपीसी या संस्थांमध्ये जन्मलेलं, फुकट, कायदेशीर, आणि त्या लॅपटॉपवर चालणारं.

तिथून पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाचा पत्ता लागला. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून चालतो आणि शिक्षणात ओपन सोर्स सॉफ्टवेअर यावं यासाठी काम करतो. त्यांचा 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' नावाचा उपक्रम मला फार हुशारीचा वाटतो. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातलं एक पुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये करून द्यायची. तपासणी होते, मानधन मिळतं, आणि तो कोड देशभरातल्या मुलांना मोफत मिळतो. अशी शेकडो पुस्तकं झाली आहेत. 'स्पोकन ट्युटोरियल'वर सायलॅबचे धडे मराठीतही ऐकता येतात. पुस्तकातलं उत्तर आणि सॉफ्टवेअरचं उत्तर शेजारी ठेवायची सवय मला या कोडमधून लागली. कधी पुस्तकात छपाईची चूक निघते, कधी गोलाई वेगळी असते. कोण चुकलं हे आधी ठरवायचं नाही, एवढं शिकले.

"पैसे मिळतात का?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, आणि तो चुकीचा प्रश्न नाही. मिळत नाहीत. ज्या सॉफ्टवेअरवर संशोधन आणि शिक्षण चालतं त्यातलं कितीतरी काम लोक झोपेतून वेळ काढून करतात. सेजच्या स्टाइन यांच्यासारखा माणूसही शेवटी विद्यापीठ सोडून कंपनीकडे वळला, कारण केवळ अनुदानांवर हे काम भागत नव्हतं. मीही दमते. मेगाब्लॉकच्या रविवारी, पाहुणे असताना, आजारी असताना तक्रारी थांबत नाहीत. काही लोक फुकट मिळालेल्या वस्तूवर दुकानदाराशी बोलावं तसं बोलतात. 'कुणीतरी करेल' यातला कुणीतरी म्हणजे जगभरात मिळून दोन-तीन माणसं असतात, हे बाहेरून दिसत नाही. एकदा आमच्यातल्या एकाने कळवलं, मूल झालंय, आता जमणार नाही. त्याने लिहिलेला भाग आम्हाला समजून घ्यायला सहा महिने लागले.

तरी मी का करते, याचं माझं उत्तर मोठं नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी केलेलं काम मलाही घरी दाखवता येत नाही. पॅकेजमधल्या त्या पाच ओळी मात्र आईच्या शिकवणीतल्या मुलीने फोनवर उघडून वाचल्या आणि विचारलं, "ताई, इथे भागाकार शून्याने झाला तर?" तो प्रश्न चांगला होता. त्याची चाचणी आधीच होती, पण ती शोधायला तिने अर्धा तास घेतला, आणि त्या अर्ध्या तासात ती माझी सहकारी होती.

आपल्या हातात रोज आकडे पडतात: कर्जाचा हप्ता, परीक्षेचं पर्सेंटाइल, नदीची पातळी. आता तर विचारलं की आत्मविश्वासाने उत्तर देणारी ॲप्सही आहेत. प्रत्येक आकड्याचा कोड वाचणं कुणालाच शक्य नाही. पण वाचता येण्याची सोय असणं आणि कुणीतरी खरंच वाचणं, या दोन्हींची गरज आहे. पहिलं परवान्यात लिहिता येतं. दुसऱ्याला माणसं लागतात.

तुम्हाला यायचं असेल तर प्रोग्रामिंग उत्तम यायची अट नाही. वापरत असलेल्या ओपन सोर्स पॅकेजच्या मदतीच्या पानावरचं एक उदाहरण स्वतः करून बघा. जुळलं नाही तर तुमची आवृत्ती, तुम्ही काय लिहिलं, काय अपेक्षित होतं, काय आलं, एवढ्या चार ओळी नम्रपणे कळवा. आमच्याकडे सध्या अशीच एक तक्रार उघडी आहे: एका फंक्शनचं उत्तर जुन्या बत्तीस बिटच्या मशीनवर शेवटच्या अंकात वेगळं येतं. आमच्यापैकी कुणाकडेच तसं मशीन नाही. घरात माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडला असेल, तर तो चालू होतो का एवढं बघा.